गलत्याच्या गोमुखात पाणी येतं कुठून?

प्रश्न : आम्ही जयपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राहतो, मूळचे राजापूरकडचे. पाहुणे आले की त्यांना गलताजीला नेणं ठरलेलं. चहूकडे उघड्याबोडक्या टेकड्या आणि त्यांच्या घळीत गोमुखातून बारा महिने पडणारी धार. गालव ऋषींच्या तपामुळे गंगा जमिनीखालून इथवर आली, असं तिथे सांगतात. राजापूरच्या गंगेबद्दल आमची आजीही हेच सांगायची. पण ती गंगा दोन-तीन वर्षांनी येते, थोडे दिवस राहते आणि जाते. दोन्हीकडे गंगाच असेल तर एक बारमाही आणि दुसरी अशी मुक्कामाला येणारी, हे कसं?
– एक वाचक, सिव्हिल लाइन्स, जयपूर

उत्तर : दोन्ही ठिकाणचं पाणी तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे तुमची शंका अगदी रास्त आहे. आधी गंगेचं पाहू, मग वेळापत्रकाचं.

पाणी उताराकडेच वाहतं, एवढं धरून चाललं तरी बरंच उलगडतं. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे ३१४ मीटर उंचीवर आहे आणि जयपूर सुमारे ४३० मीटरवर. गलत्याची घळही हरिद्वारपेक्षा उंचच. म्हणजे मैदानात उतरलेल्या गंगेला गलत्याला यायचं तर चढ चढावा लागेल. हरिद्वारच्या वर, पहाडात, गंगा याहून पुष्कळ उंचावर असतेच, तिथूनच ती निघाली असेल, असं कुणी म्हणेल. पण मग वाटेत यमुना आडवी येते. दिल्लीपाशी यमुनेची उंची दोनशे मीटरच्या आसपास आहे आणि मधल्या मैदानात गाळाचे थर शेकडो मीटर जाडीचे आहेत. त्या गाळात शिरलेलं पाणी तिथेच मुरेल, पसरेल, यमुनेला मिळेल. ते पुन्हा एकवटून अरवलीच्या अंगाखांद्यावर चढणार नाही.

जमिनीखालून नद्या वाहतात, ही समजूत मात्र निराधार नाही. व्हिएतनाममध्ये फोंग न्हा नावाची गुहा आहे. तिच्यात नावेत बसून जाता येतं, कारण नदीच गुहेतून बाहेर येते. तिथला डोंगर चुनखडीचा आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होतं, चुनखडी त्यात हळूहळू विरघळते आणि लाखो वर्षांत भेगांचे बोगदे होतात. गलत्याच्या टेकड्या क्वार्ट्झाइटच्या आहेत. फार पूर्वीचा वाळूचा दगड उष्णतेने आणि दाबाने घट्ट होऊन हा खडक बनला. शंभर कोटी वर्षांहून जुना आणि इतका चिवट की पाण्यात सहजी विरघळत नाही. त्यामुळे इथे नदी जाईल असा बोगदा होणं कठीण.

मग या टणक दगडात पाणी राहतं कुठे? दगडात नाही, दगडाच्या भेगांत. भूकवचाच्या हालचालींनी अरवलीचा खडक वाकला, तडकला आणि त्यात उभ्याआडव्या भेगांचं जाळं झालं. जयपुरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक आषाढ ते भाद्रपद. टेकडीच्या माथ्यावर पडलेलं पाणी यातल्या काही भेगांत उतरतं. एकदा खोल गेलं की त्याला ऊन लागत नाही, त्याची वाफ होत नाही. अरुंद वाटांनी ते महिनोन् महिने खाली सरकत राहतं आणि जिथे घळीने त्या भेगा कापल्या आहेत तिथे बाहेर पडतं. तिथेच कुणी गोमुख बसवलं आणि खाली कुंडं बांधली. पहिल्या आषाढसरींचं पाणी बाहेर पडेपर्यंत दुसरा आषाढ जवळ येतो, म्हणून धार तुटत नाही. तुम्हाला उघडीबोडकी दिसणारी टेकडी म्हणजे या झऱ्याची टाकीच आहे.

याच शहराचं दुसरं उदाहरण पाहा. जयपूरची तहान अनेक वर्षं रामगढचा तलाव भागवत होता. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा त्याच तलावात झाल्या. आज तो कोरडा आहे आणि तुमच्या नळाला पाणी येतं ते टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून. रामगढचं पाणी दूरदूरच्या ओढ्यांनी येत असे. त्या ओढ्यांच्या वाटेत बांध पडले, अतिक्रमणं झाली आणि तलावापर्यंत पाणी पोचेनासं झालं. गलत्याचं पाणी मात्र डोक्यावरच्याच टेकडीतून येतं, त्याची वाट आखूड आहे. म्हणून ते टिकलं. पण उद्या त्या माथ्यावर खाणी पडल्या किंवा काँक्रीट आलं, तर खालची धार वाचवायला कोणतीही गंगा येणार नाही. हे मला फार काळजीचं वाटतं, कारण पाणी लांबून येतं असं मानणाऱ्या माणसाला माथा राखायची गरज भासत नाही.

आता राजापूर. तिथल्या पावसाची आणि जयपूरच्या पावसाची बरोबरीच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असं असूनही तिथल्या उन्हाळे गावातल्या या गंगेची चौदा कुंडं बराच काळ कोरडी असतात आणि मग एके दिवशी, पुष्कळदा पाऊस नसतानाच, “गंगा आली” अशी हाक उठते. अभ्यासक याचा उलगडा वक्रनलिकेच्या तत्त्वाने करतात. पूर्वी रेशनचं रॉकेल डब्यातून नळीने काढायचे, ते आठवा. नळीच्या वरच्या वाकापर्यंत रॉकेल चढलं नाही तर थेंबही पडत नाही; वाक ओलांडला की डबा जवळजवळ रिकामा होईपर्यंत धार थांबत नाही. राजापूरला जमिनीखाली जांभ्यात आणि कातळात अशीच एखादी पोकळी आणि तिला जोडलेली वाकडी वाट असावी. पोकळी भरत राहते तोवर वर सामसूम. पाणी वाकापर्यंत पोचलं की कुंडं भरून वाहतात आणि आतला साठा संपला की गंगा “जाते”. पाऊस कमीजास्त झाला, आसपास उपसा वाढला, की भरण्याचा वेळ बदलतो. हल्ली तिचं वेळापत्रक चुकतं असं लोक म्हणतात, त्यात काही नवल नाही. थोडक्यात, गलत्याला भेगांचं जाळं सतत ठिबकतं. राजापूरला साठा भरेपर्यंत थांबावं लागतं. मोरोपंतांनी राजापूरच्या तीर्थावर ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ रचलं, ते याच अवचित येण्याच्या ओढीने.

गालव ऋषींचं काय, असं तुम्ही विचाराल. महाभारताच्या उद्योगपर्वात त्यांची गोष्ट येते, पण तिच्यात जयपूर नाही. गालवाने गुरुदक्षिणा मागा म्हणून विश्वामित्रांपाशी इतका हट्ट धरला की ते चिडले आणि एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे त्यांनी मागितले. घोडे मिळवण्यासाठी ययातीने आपली मुलगी माधवी गालवाच्या हवाली केली. ती एकामागून एक तीन राजांकडे राहिली, तेव्हा सहाशे घोडे जमले. उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात शेवटी विश्वामित्रांनीच तिला ठेवून घेतलं. या सगळ्यात सोसलं ते माधवीने, हे विसरू नये. ऋण फिटल्यावर गालव वनात निघून गेला. कोणत्या वनात, ते कथा सांगत नाही. ती मोकळी जागा लोकांनी भरली. ग्वाल्हेरही गालवाला आपला म्हणतं आणि जयपूरही. ओसाड टेकड्यांत अखंड पाणी सापडलं की त्यामागे मोठं तप असणार, असं वाटणं अगदी माणसासारखं आहे.

इतिहासात पाय ठेवायचा तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला यावं लागतं. जयपूर वसलं १७२७ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी गलत्याला नाथपंथी जोगी राहत होते. मग रामानंदी साधू कृष्णदास पयहारी आले. ते फक्त दुधावर राहत. आमेरचा राजा पृथ्वीराज आणि राणी बालाबाई यांनी त्यांचं शिष्यत्व घेतलं. जोगी वाघ होऊन अंगावर आला, पयहारींनी “काय हा गाढव!” एवढंच म्हटलं आणि वाघाचा गाढव झाला, अशी दंतकथा आहे. गादी नाथांकडून वैष्णवांकडे कशी गेली, याची ही लोकांनी ठेवलेली आठवण म्हणायला हरकत नाही.

आता तुमच्यामाझ्या घरची गोष्ट. पयहारींचे शिष्य कील्हदेव आणि अग्रदास यांना रानात एक आंधळं पोर सापडलं. त्यांनी कमंडलूतलं पाणी त्याच्या डोळ्यांवर शिंपडलं, डोळे उघडले आणि ते त्याला गलत्याला घेऊन आले, असं सांगतात. हेच पुढचे नाभादास, अग्रदासांचे शिष्य. त्यांनी १६०० च्या सुमारास ब्रजभाषेत ‘भक्तमाल’ रचला आणि त्यात आपल्या नामदेवांनाही स्थान दिलं. पुढे ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला, तेव्हा आपल्या आधारांमध्ये त्यांनी नाभाजींचं नाव आदराने घेतलं. चातुर्मासात मराठी घरांतून वाचल्या गेलेल्या त्या पोथीचा एक धागा असा गलत्याच्या घळीत पोचतो. परदेशी पाहुण्यांना ही जागा “माकडांचं मंदिर” म्हणून दाखवतात, त्याचं मला वाईट वाटतं. माकडं तिथे आहेत ती पाण्यासाठी आणि शेंगदाण्यांसाठी.

पुढच्या वेळी गाडीने न जाता सिव्हिल लाइन्सहून मेट्रोने बडी चौपड गाठा, सूरजपोल ओलांडून गलता गेटपासून पायी चढा. माथ्यावर राव कृपारामाचं सूर्यमंदिर लागेल. तिथून पश्चिमेला पाहिलंत तर चांदपोलपर्यंतचा सरळ रस्ता दिसेल. मग पलीकडे घळीत उतरताना कड्याच्या भेगा नीट बघा, काही ओल्या दिसतील. एक लिटरची बाटली गोमुखाखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. एकदा भाद्रपदात, एकदा ज्येष्ठात. धार पावसामागे कमीजास्त होत असेल, तर पाणी टेकडीचंच आहे. आकडे आम्हाला जरूर कळवा, याच सदरात छापू.