लसीकरणातून सूट : हक्क कोणाचा?

शाळाप्रवेशासाठी लसीची सक्ती असावी काय, हा वाद अमेरिकेत फार जुना आहे. त्याचा आपण थोडक्यात अभ्यास करू.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली देवीच्या लसीची सक्ती वैध ठरविली व १९२२ साली शाळांबाबतही तोच निर्णय दिला. पुढे अनेक राज्यांनी धार्मिक कारणावरून सूट दिली. मिसिसिपी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७९ साली ती रद्द केली. काहींच्या श्रद्धेपायी इतर मुलांना रोगाच्या धोक्यात लोटणे हा समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग होय, असे कारण दिले. २०२३ साली संघीय न्यायालयाच्या आदेशाने ती सूट तेथे पुन्हा सुरू झाली. उलट गोवराच्या साथींनंतर कॅलिफोर्नियाने २०१५ साली व न्यूयॉर्कने २०१९ साली अशी सूट काढून टाकली.

वैद्यकीय सूट वेगळी. कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. गोवर रोखण्यास सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. त्या मुलाचे रक्षण तेव्हाच होते.

म्हणून सूट मागणाऱ्या पालकास आम्ही एवढेच विचारू : ही सूट मुलाच्या प्रकृतीसाठी, की आपल्या समजुतीसाठी? समजुतीसाठी असेल, तर तिची किंमत शेजारच्या बाकावरील मूल मोजते.