पेटीच्या सुरात 'टक' कुठून येते?

प्रश्न : आमच्या मंडळाचं खंजिरी भजन आम्ही लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस आहे. माइक कमी पडू लागले म्हणून आठ माइकचा प्रीॲम्प घेतला आणि ऑप्टिकल वायरने इंटरफेसला जोडला. तेव्हापासून मिनिटाला साधारण पंधरा वेळा बारीक 'टक' ऐकू येते. खंजिरी रंगात आली की कळत नाही, पेटीचा सूर लांबला की लगेच कळते. वायर बदलली, लॅपटॉप फॉरमॅट केला, फरक नाही. भाऊ, ही टकटक काहून येऊन रायली?
– एक वाचक, अकोला

उत्तर : लॅपटॉप फॉरमॅट केलात याचं वाईट वाटलं, कारण त्या बिचाऱ्याचा यात काहीच दोष नाही. पण पेटी आणि खंजिरीतला फरक तुम्ही नेमका टिपलात, टकटक मोजलीत, हे फार चांगलं केलंत. निदान त्यातच आहे.

तुमच्या प्रीॲम्पच्या पोटात क्वार्ट्झचा एक स्फटिक आहे आणि इंटरफेसच्या पोटात दुसरा. आवाजाचं माप सेकंदाला ४८,००० वेळा घेतलं जातं; त्या एकेका मापाला सॅम्पल म्हणतात. माप कधी घ्यायचं, हे स्फटिक ठरवतो. दोन्ही स्फटिक चांगले असले, तरी तंतोतंत एकाच चालीचे दोन स्फटिक मिळत नाहीत. समजा, दहा लाखांत पाचाचा फरक आहे. म्हणजे सेकंदाला पाव सॅम्पल, चार सेकंदांत एक. प्रीॲम्प पुढे असेल तर तो जास्तीचा सॅम्पल इंटरफेस टाकून देतो. मागे असेल तर आधीचाच पुन्हा वापरतो. त्या क्षणी 'टक'. चार सेकंदांना एक, मिनिटाला पंधरा! तुमची मोजणी बरोबर जुळली.

पेटीचा सूर सलग रेघेसारखा असतो, त्यातला एक ठिपका हलला तरी कानाला खुपतो. खंजिरीच्या थापेत आणि झांजांच्या छनछनाटात तोच ठिपका विरून जातो. सूर नसताना टकटक थांबते असं मात्र समजू नका; ती चालूच असते.

स्फटिक म्हणजे यंत्राचं घड्याळच. यात चुकीचं घड्याळ कोणाचंच नाही. अकोल्यात सूर्य माथ्यावर येतो तो अमरावतीनंतर सुमारे तीन मिनिटांनी, कारण अमरावती पाऊण अंश पूर्वेला आहे. सूर्यावर लावलेली दोन्ही गावांची घड्याळं आपापल्या जागी खरीच. पण १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि अकोला व अमरावतीजवळचं बडनेरा एकाच रुळावर आले. दोन गावांच्या दोन खऱ्या वेळांवर एक गाडी चालवता येत नाही. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली आणि १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तुमच्या दोन यंत्रांनाही तसंच कोणा एकाचं ऐकायला लावायचं आहे.

कोणी कोणाचं ऐकायचं, हे तुमची वायर सांगते. ती प्रीॲम्पमधून निघून इंटरफेसमध्ये जाते, उलट काही येत नाही. तेव्हा प्रीॲम्प पुढे, इंटरफेस मागे. प्रीॲम्पचं क्लॉक 'इंटर्नल'वरच ठेवा. लॅपटॉपवर इंटरफेसचं सॉफ्टवेअर उघडा, 'क्लॉक सोर्स' शोधा आणि तिथलं 'इंटर्नल' काढून 'ॲडॅट' किंवा 'ऑप्टिकल' करा. दोन्हीकडे ४८,००० असल्याची खात्री करा. लॅपटॉपला वेगळं काही सांगावं लागत नाही. इंटरफेसची चाल तो यूएसबीवरून घेतो. मात्र यापुढे प्रीॲम्प आधी सुरू करायचा, मग इंटरफेस, कारण आता चाल देणारा तो आहे.

मग इंटरफेसवरचा किंवा सॉफ्टवेअरमधला 'सिंक'चा दिवा पाहा. तो स्थिर हवा. अमरावतीत एका कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला मी तो लुकलुकताना पाहिला आणि यंत्र सुरू असल्याची खूण समजून बसलो. घरी येऊन हेडफोन लावले तेव्हा तीन तासांच्या कीर्तनभर टकटक होती. बुवांचं ते कीर्तन पुन्हा मिळालं नाही, आणि ती हळहळ अजून आहे. म्हणून सांगतो, दिवा स्थिर झाल्याशिवाय भजन सुरू करू देऊ नका.

लॅपटॉप दमल्यामुळेही आवाज तुटतो, पण त्याला नेम नसतो: कधी सलग तीनदा, कधी पाच मिनिटं काहीच नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप एका दमात हाताळतो तेवढे सॅम्पल, १२८ वरून १०२४ करून पाहा. टकटक त्याच चालीने सुरू राहिली, तर दोष घड्याळांचाच.

आणखी एक वेगळा घोटाळा होतो. ४४,१०० वर घेतलेलं रेकॉर्डिंग ४८,००० च्या चालीने वाजलं, तर टकटक येत नाही, सूरच चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं भजन काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी जातं आणि तासाभराचं भजन पंचावन्न मिनिटांत संपतं. तसं झालं तर गायकाला दोष देऊ नका, आकडे तपासा.

सगळं लावून झालं की पेटीवाल्यांना षड्ज धरायला सांगा. भाता न तोडता, दोन मिनिटं. तेवढंच रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. आधीच्या हिशेबाने त्यात तीस वेळा टक यायला हवी. एकही आली नाही, तर खंजिरी हाती घ्या.