बिऱ्हाडकरूचा कागद

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं उन्हाळ्याच्या सुटींत सामान बांधण्याची गडबड उडते. ठाणें, डोंबिवली, कल्याण येथें भाड्यानें राहणाऱ्यांस ती नवी नाहीं. परंतु ज्या कागदाच्या आधारें आपण त्या घरांत राहतों, तो वाचून पाहणारे पालक आम्हांस थोडेच भेटले.

हीं गांवें मुंबईच्या नोकरदारांचीं बिऱ्हाडें झालीं तीं आगगाडीमुळें. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली. पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली. तें अंतर सुमारें ५४ किलोमीटर. जो पैसा भाड्यांत वांचतो, त्याची फेड रोज गाडींत उभें राहून करावी लागते, हें पालकांस आम्हीं काय सांगावें !

आतां कागदाकडे वळूं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं व जुन्या भाडेकरूस उठविणें दुरापास्त झालें. मालक घर देण्यास भिऊं लागले. म्हणून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पद्धत रूढ झाली. तींत राहणाऱ्यास केवळ ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क मिळत नाहीं. मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते.

येथें एक गैरसमज फार पसरला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें सक्तीचें आहे. तेव्हां अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, असें दलाल सांगतात. महाराष्ट्रांत तें खरें नाहीं. १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ता. ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमान्वयें करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती चुकविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींविषयीं बिऱ्हाडकरूचेंच म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.

हें शेवटचें वाक्य आम्हांस उशिरां कळलें. डोंबिवलीस राहत असतां आमचा करार साध्या कागदावर होता. घर सोडतेवेळीं रंगाच्या खर्चासाठीं म्हणून निम्मी अनामत कापून घेण्यांत आली. रंगाचा शब्दही करारांत नव्हता; आम्हीं मात्र मान खालीं घालून उरलेले पैसे मोजून घेतले. त्या वर्षीं मुलीची फी उसनवारीनें भरली.

गेल्या खेपेस नवा करार आम्हीं मुलीकडूनच मोठ्यानें वाचविला. मुदत, अनामत, ती परत देण्याची तारीख, सर्व यथास्थित होतें. वाचून झाल्यावर तिनें विचारलें, “विजेच्या मीटरचा आजचा आंकडा कोठें लिहिला आहे ?” तो लिहिलेला नव्हता. घरमालकांस जिन्याखालीं नेऊन, विजेरीच्या उजेडांत तो पाहिला व सहीपूर्वींच करारांत घालून घेतला.