दुखणं अंगावर काढू नकोस

अगं, डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या लिहून दिल्यात त्या उगाच नाहीत. "फारच दुखलं तर घेईन" हे तुझं आतापासूनच सुरू झालंय, म्हणून बोलतेय. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटावर तीन-चार बारीक छेद, एक-दोन दिवसांत घरी. त्यामुळे सगळ्यांनाच वाटतं, फार काही झालं नाही. पण आतून अख्खं पित्ताशय काढलंय. पहिले दोन-तीन दिवस दुखणारच.

या दिवसांत गोळी घड्याळ बघून घे, दुखण्याची वाट बघून नाही. दुखणं एकदा चढलं की खाली यायला वेळ लागतो. शिवाय दुखतं म्हणून तू श्वास वरवर घेशील, खोकला दाबशील, पलंगावरून उठणार नाहीस. त्यानेच छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने घरातल्या घरात फेऱ्या मार. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धर. सोसण्यात कसलाही मोठेपणा नाही गं. आपल्या घरांत बायकांना तो उगाच शिकवलाय.

बहुतेकांना पॅरासिटामॉल देतात. दोन डोसांमध्ये निदान चार तास जाऊ देत आणि चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या, म्हणजे 500 च्या आठ गोळ्यांच्या वर जाऊ नकोस. वजन 50 किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांनाच विचार. घोळ होतो तो नावांमुळे. क्रोसिन, डोलो म्हणजे पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लॅममध्ये ते आहे, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरातली दुसरी गोळी तोंडात टाकू नकोस.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं असेल तर पोटात काहीतरी घालूनच घे. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी सांग. ट्रॅमाडॉलने मळमळतं, गुंगी येते आणि शौचाला घट्ट होतं. मग जोर केलास की टाके ओढले जातात. भरपूर पाणी पी, पोट साफ होण्याचं औषध हवं तर मागून घे. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील किंवा बाळाला अंगावर पाजत असशील, तर ट्रॅमाडॉल विचारल्याशिवाय नकोच.

उजवा खांदा दुखायला लागला तर दचकू नकोस. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती-पोटामधला पडदा चिडतो आणि त्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं चाल, खांद्याला कोमट शेक दे. दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तो गॅस समजून घरी बसायचं नाही.

आणि हे नीट ऐक. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. उलट वाढत चाललं, ताप-थंडी आली, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगून कडक झालं, तर जास्तीची गोळी घेऊन झोपू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन कर, सकाळची वाट बघू नकोस.