मक्तेदारी, कापूस आणि मोबाइलमधला ब्राउझर

बारावीच्या अर्थशास्त्रात बाजाराचे प्रकार शिकताना मक्तेदारीची व्याख्या सगळ्यांची पाठ होते. एकच विक्रेता, जवळचा पर्याय नाही, नव्याला प्रवेश नाही. पण उदाहरण विचारलं की बहुतेक जण रेल्वे लिहून मोकळे होतात. आज खिशातलं उदाहरण घेऊ: मोबाइलवर इंटरनेटची पानं उघडणारं ॲप, म्हणजेच ब्राउझर.

आधी घरातल्या मोठ्यांना एकाधिकार कापूस खरेदीबद्दल विचारा. 1972 पासून पुढची कित्येक वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कापूस सरकारी योजनेतच घालावा लागे. भाव पटला नाही, चुकारे लांबले, तरी दुसरा गिऱ्हाईक नाही. (पुस्तकी भाषेत ही खरेदीदाराची मक्तेदारी.) हेतू शेतकऱ्याला खात्रीचा भाव देण्याचा होता, हे खरंच. तरीही पलीकडे भाव चढला की कापूस चोरून पैनगंगेपार आदिलाबादकडे जायचा.

ब्राउझरच्या बाबतीत असा कायदा कोणीच केलेला नाही. तरी वणीत घ्या की पुसदला, नव्या अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम आधीच बसलेला असतो. कसा? प्ले स्टोअरशिवाय फोन विकणं कठीण. आणि प्ले स्टोअर हवं तर गुगलच्या ॲप्सचा सगळा गठ्ठा घ्या, अशी अट फोन बनवणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या करारात होती. क्रोम त्याच गठ्ठ्यात. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी याला वर्चस्वाचा गैरवापर ठरवलं आणि गुगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. आधीच बसवलेली ॲप्स ग्राहकाला काढता यावीत, हा निर्देशही त्यात गेला. माझ्या मते आपल्या कामाचा तोच होता!

"पण सर, ब्राउझर तर फुकट आहे, मग नुकसान कोणाचं?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. याचं उत्तर एका आकड्यात बघा. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गुगलने 2022 या एका वर्षात ॲपलला सुमारे 20 अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतल्या खटल्यात हे उघड झालं. लोक सेटिंग बदलत नाहीत, याची ही किंमत. पैसा येतो कुठून? आपण काय शोधतो त्यावर दाखवलेल्या जाहिरातींतून.

स्पर्धा नव्हतीच असं मात्र नाही. टूजीच्या काळात ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर आपल्याकडे घरोघरी होते, कारण ते पान आकसून पाठवत आणि डेटा वाचे. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ते कारण उरलं नाही. यूसीवर तर जून 2020 मध्ये सरकारनेच बंदी घातली.

आज फायरफॉक्स, ब्रेव्ह, एज, ऑपेरा असे पर्याय दिसतात. पण इथे एक मेख आहे. अँड्रॉइडवर ब्रेव्ह, एज आणि ऑपेरा यांच्या आतलं इंजिन क्रोमचंच आहे. फायरफॉक्सचं तेवढं वेगळं. पाट्या चार, जिनिंग एकच! युरोपात मार्च 2024 पासून फोनवर ब्राउझर निवडायची यादीच समोर येते. आपल्याला मात्र सेटिंग्ज, ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स असं शोधत जावं लागतं. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतील.

स्वाध्याय: घरातल्या एका फोनवर दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करून आठवडाभर वापरा. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बाजारभाव ही पानं नीट उघडली का? किती वेळा क्रोमकडे परत जावं लागलं आणि का, ते वहीत लिहा. मग सांगा, हा बाजार मक्तेदारीचा की अल्पाधिकाराचा?