आकड्यांचा फॉर्म करतेस, तर एवढं ऐक

पोरी, नेरे गावातल्या शेतकऱ्यांसाठी पीएचपीत जमिनीचा फॉर्म करायला घेतलास, फार छान केलंस. तुझा हात भराभर चालतो हे ठाऊक आहे, म्हणूनच आत्याचं थोडं ऐकून मग बस कामाला.

१. आधी सातबारा समोर ठेव, मग रकाने आख — त्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं दोन टिंबांनी लिहितात, जसं १.२५.५०. त्याला दशांश समजून थेट फ्लोट केलंस, तर पीएचपी मुकाट १.२५ घेते आणि ५० चौरस मीटर गायब! जवळजवळ अर्धा गुंठा, तोही हिंजवडीच्या शेजारचा. भरताना एक टिंब, निस्तरताना एक वर्ष.

२. म्हणून तीन वेगळे रकाने कर, आर आणि चौरस मीटर ९९ च्या पुढे जाऊ देऊ नकोस — शंभर चौरस मीटरचा आर, शंभर आरचा हेक्टर.

३. गट नंबर, मोबाइल, पिनकोड अक्षरं म्हणूनच ठेव — ४५/१/अ ची बेरीज कोण करतं? बेरीज होईल तो आकडा, बाकी सगळी नावं.

४. मराठी आकडे आले तर आधी इंग्रजीत बदल, मग तपास — इज_न्यूमेरिक मराठी ४५ ला आकडा मानतच नाही, आणि मराठी कीबोर्ड वापरणाऱ्याचा त्यात काय दोष?

५. रकमेतले स्वल्पविराम काढूनच पुढे जा — १,२५,००० थेट इंट केलेस की हाती उरतो १.

६. झाडांची संख्या इज_न्यूमेरिकवर सोडू नकोस — ते उणे पाचही चालवून घेतं, दशांशही. फिल्टर_व्हारला पूर्णांक माग, किमान-कमाल दे, आणि उत्तर तीन बरोबर-चिन्हांनी फॉल्सशी ताडून बघ; शून्य झाडं हेही खरं उत्तर आहे.

७. हाच फिल्टर ०५ नाकारतो, आणि सातबाऱ्यावर आर तसेच लिहिलेले असतात — पुढचं शून्य आधी सोलून टाक, पण ०० मधलं एक राखून ठेव.

८. तपासणी सर्व्हरवर हवीच — ब्राउझरातली कुणालाही चुकवता येते.

९. ‘अवैध इनपुट’ असं लिहू नकोस, ‘आर ० ते ९९ मध्ये लिहा’ असं सांग. आणि भरलेले बाकीचे रकाने पुसू नकोस — उन्हात उभं राहून भरलेलं असतं गं ते.

फॉर्म झाला की गावातल्या एखाद्या आजोबांच्या हाती मोबाइल दे आणि त्यांचा सातबारा त्यांनाच भरू दे. तू फक्त शेजारी बसून बघ.