आधुनिक मोटारीतील विद्युतदोष : ग्राहक, बाजार आणि कायदा

बेंगळुरूच्या दक्षिणेकडील जे. पी. नगर या वसाहतीत दालमिया चौकाजवळ ३० सप्टेंबर २०२३ रोजी भर रस्त्यात विजेवर चालणाऱ्या एका मोटारीने पेट घेतला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या घटनेची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि विजेवरील वाहने सुरक्षित आहेत की नाहीत, या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपुरा वाटतो. पेट्रोलवर वा डिझेलवर चालणारी मोटारही आज आपल्या बहुतेक क्रियांसाठी विजेवर अवलंबून असते. त्या विजेत बिघाड झाला आणि तो वारंवार होत राहिला, तर त्याची किंमत कोणी मोजायची, हा खरा प्रश्न होय. माहितीची विषमता, बाह्यता, ग्राहक संरक्षण आणि नियमन हे अभ्यासक्रमातील चार विषय या एका प्रश्नात एकत्र येतात, म्हणून त्याचा सविस्तर विचार येथे केला आहे.

मोटारीतील वीज

साध्या मोटारीत १२ व्होल्टची बॅटरी असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्ट दाबाने तिला भारित करतो. तेथून तारांचा जुडगा, म्हणजे वायरिंग हार्नेस, फ्यूज आणि रिले यांच्यामार्फत वीज सर्वत्र पोहोचवतो. चाळीस वर्षांपूर्वी या विजेचे काम दिवे, भोंगा, स्टार्टर आणि ठिणगी यांपुरतेच होते. आज इंधनाचा पुरवठा, ब्रेकमधील एबीएस, सुकाणूला मिळणारे साहाय्य, एअरबॅग, दरवाज्यांची कुलपे हे सारे लहान-लहान नियंत्रक संगणकांच्या हाती आहे. हे संगणक परस्परांशी ज्या संदेशवाहिनीतून बोलतात, ती ‘कॅन’ पद्धती बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली.

या रचनेचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या मोटारीत एक तार तुटली तर एक दिवा बंद पडे. नव्या मोटारीत अर्थिंगचा एक सांधा गंजला, तर त्या सांध्यावर अवलंबून असलेल्या अनेक नियंत्रकांना चुकीचा दाब मिळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा इशाऱ्यांचे दिवे एकदम लागतात. शिवाय असा दोष सतत टिकत नाही. पावसात, उष्णतेत किंवा खड्ड्याच्या धक्क्याने तो प्रकटतो आणि कार्यशाळेत गाडी पोहोचेपर्यंत नाहीसा होतो.

दोन उदाहरणे आकड्यांनिशी पाहू. गाडी बंद असतानाही घड्याळ, कुलूप आणि गजर यांसाठी थोडी वीज खर्च होतच असते. ती साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावी असे मानतात. ४५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर गेले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि गाडी काही आठवडे उभी राहू शकते. एखादा नियंत्रक ‘झोपी’ न गेल्याने हाच प्रवाह ५०० मिलिअँपिअर झाला, तर चार दिवसांच्या आत बॅटरी रिकामी होते. मालक नवी बॅटरी बसवतो. दोष जेथल्या तेथे राहतो.

दुसरे उदाहरण मालकाच्या स्वतःच्या चुकीचे आहे. हेडलाइटमधील ६० वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा बसवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे १२ व्होल्टला प्रवाह ५ अँपिअरवरून ८.३ अँपिअरवर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ २.८ पट होते, तार मात्र जुन्याच जाडीची असते. मग फ्यूज उडू लागतो, आणि कोणी तरी त्याच्या जागी जास्त क्षमतेचा फ्यूज घालतो. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा आहे. तो बळकट केला की दुबळा दुवा तारच ठरते आणि ती पेटते. उत्पादकाचा दोष आणि वापरणाऱ्याचा दोष असे दोन पक्ष येथे निर्माण होतात व पुढील सारे तंटे त्यांतूनच उद्भवतात.

‘दोष आढळला नाही’

प्रस्तुत लेखक जे. पी. नगरमध्येच राहतो, आणि या विषयाचा त्याचा परिचय केवळ ग्रंथांतला नाही. पेट्रोलवरील नवी मोटार घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री वृद्ध सासऱ्यांना रुग्णालयात नेत असता कनकपुरा रस्त्यावरील सिग्नलपाशी इंजिन बंद पडले. समोरच्या पट्टीवरील सर्व दिवे लागले, सुकाणू जड झाले, मागे बसगाड्यांची रांग लागली. दहा मिनिटांनी गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली. सासऱ्यांना त्या दहा मिनिटांत रिक्षाने पुढे पाठवावे लागले होते. पुढील चौदा महिन्यांत असे आणखी चार वेळा घडले. अधिकृत कार्यशाळेत प्रत्येक वेळी संगणक जोडण्यात आला आणि प्रत्येक जॉबकार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला. मध्यंतरी बॅटरी बदलली, एक सेन्सरही बदलला. गाडी होती तशीच राहिली.

या अनुभवाला अर्थशास्त्रात नाव आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवले, की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आपल्या प्रकरणाला त्याहून जवळचा सिद्धान्त मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये मांडला. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो. तिसरा प्रकार असा, की सेवा घेतल्यानंतरही ती खरोखर आवश्यक होती की नाही हे ग्राहकाला कळत नाही. त्यांना विश्वासाश्रित वस्तू म्हणावे. मोटारदुरुस्ती हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. सेन्सर बदलणे आवश्यक होते का? मला सांगता येणार नाही, आणि ज्याने तो बदलला त्यालाही कदाचित सांगता आले नसते.

येथे कार्यशाळेला अप्रामाणिक ठरवण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. वॉरंटीच्या काळात दोष शोधण्यात गेलेल्या तासांचा मोबदला मर्यादित असतो, भाग बदलण्याचा हिशेब मात्र सरळ असतो. प्रोत्साहनांची रचनाच अशी असेल, तर चांगला कारागीरही भागच बदलेल.

निदानाची साधने कोणाच्या हाती, हाही प्रश्न यातूनच निघतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे स्पर्धाविरोधी वर्तन आहे, असा त्या आदेशाचा आशय होता. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली. तत्त्व मात्र महत्त्वाचे राहिले. ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर २०२२ साली समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता.

सत्तावन्न सेंटचा भाग

वारंवार होणारा विद्युतदोष केवळ गैरसोयीचा नसतो, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणाने सिद्ध केले. किल्लीच्या स्विचमधील कमकुवत स्प्रिंगमुळे गाडी चालू असतानाच किल्ली ‘बंद’च्या दिशेने सरके; इंजिन थांबे, सुकाणूचे साहाय्य जाई आणि अपघात झाल्यास एअरबॅगही उघडत नसे. दोषयुक्त भागाची किंमत अवघी ५७ सेंट होती. कंपनीतील काहींना हा दोष अनेक वर्षे ठाऊक होता. मध्यंतरी भाग सुधारण्यात आला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही आणि त्यामुळे तपास करणाऱ्यांची दिशाभूल झाली. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावण्यात आल्या. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. सुरक्षिततेसाठी वाहने परत बोलावण्याचा कायदा अमेरिकेत १९६६ पासून असतानाही हे घडले.

दोषाची झळ मालकापुरती राहत नाही. मागून येणारा दुचाकीस्वार हा खरेदीच्या करारातील पक्ष नसतो, तरी बंद पडलेल्या गाडीवर तोच आदळतो. यालाच आपण ऋण बाह्यता म्हणतो. गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली सुचवलेली कसोटी येथे उपयोगी पडते : अपघात टाळण्याचा खर्च ज्याला सर्वांत कमी येतो, त्याच्यावर जबाबदारी टाकावी. स्विचच्या बाबतीत तो उत्पादक होय. १०० वॅटच्या बल्बच्या बाबतीत तो मालक होय.

भारतातील वाटचाल

भारतात नॅनो मोटार मार्च २००९ मध्ये आली. त्याच वर्षी काही गाड्यांच्या स्विचमध्ये शॉर्ट सर्किट होऊन धूर निघाला आणि २०१० मध्ये मुंबईत एक नवी गाडी जळाली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट व विद्युतयंत्रणेसाठी जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याची तयारी दर्शवली, मात्र याला ‘रिकॉल’ म्हणण्यास नकार दिला. तेव्हा त्या शब्दाला कायद्यात स्थानच नव्हते. वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, २०१२ साली स्वेच्छेने पाळावयाची संहिता केली. तिच्यात सक्ती नव्हती.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने कलम ११०-अ आणून ही उणीव भरून काढली. पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस अथवा रस्त्यावरील इतरांस अपाय करू शकेल असा दोष असल्यास केंद्र शासन वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने पूर्ण किंमत परत द्यावी, तत्सम वा अधिक चांगले वाहन द्यावे किंवा दुरुस्ती करावी, असे पर्याय कलमात आहेत. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांना हे संरक्षण दिले आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकांना तक्रार नोंदवता येते. वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्यास चौकशीचा मार्ग खुला होतो.

विद्युतदोषांबाबतचे काही रिकॉल अभ्यासण्यासारखे आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने मोटर-जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी १,८१,७५४ गाड्या परत बोलावल्या; भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विद्युतभागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये, असे मालकांना कळवण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीने एअरबॅगच्या नियंत्रकासाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या. ह्युंदाईने डिसेंबर २०२० मध्ये विजेवरील ४५६ कोना गाड्यांची बॅटरी-यंत्रणा तपासली. रिकॉल जाहीर होणे म्हणजे गाडी वाईट, असा समज ग्राहकांत आहे. तो उत्पादकांना दोष लपवण्यास प्रवृत्त करतो. वस्तुतः जाहीर केलेला दोष हा बाजाराला मिळालेली माहिती असते.

विजेवरील वाहनांच्या बाबतीत २०२२ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये पुण्यात एक स्कूटर जळाली, त्यानंतर उत्पादकाने १,४४१ स्कूटर परत घेतल्या. जूनमध्ये वसई येथे विजेवरील मोटार पेटली आणि केंद्राने चौकशीचे आदेश दिले. तपास करणाऱ्या संस्थांत बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्थाही होती. बॅटरीसंबंधीचे मानक कडक करून त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला.

एकट्या ग्राहकाचा मार्ग

रिकॉल समूहासाठी असते. एकाच गाडीतील दोषासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार घ्यावा लागतो. येथे परीक्षार्थींचा नेहमी गोंधळ होतो. या अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणातील उत्पादन-दायित्व (कलमे ८२ ते ८७) हे दोषयुक्त वस्तूमुळे झालेल्या ‘हानी’साठी आहे, खुद्द त्या वस्तूला झालेली हानी किंवा वॉरंटीभंगातून होणारे नुकसान त्यात येत नाही. गाडी पेटून माणूस भाजला तर हे प्रकरण लागू होते. गाडी नुसतीच पुनःपुन्हा बंद पडत असेल तर ‘मालातील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांखाली तक्रार करावी लागते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे करायची, आणि ती आता ग्राहकाच्या राहत्या ठिकाणीही करता येते.

संपूर्ण गाडी बदलून मागणे मात्र सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगविषयक एका प्रकरणात म्हटले, की वॉरंटीच्या अटीनुसार बदलून मिळतो तो दोषयुक्त भाग, गाडी नव्हे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली ‘लेमन लॉ’ करून ठरावीक वेळा दुरुस्ती फसल्यास गाडी बदलून वा पैसे परत मिळण्याचा हक्क दिला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. तो असावा असे माझे मत आहे, कारण तीन-चार फसलेल्या दुरुस्त्या मोजणे न्यायालयाला सोपे असते, ‘निर्मितीदोष’ सिद्ध करणे ग्राहकाला फार महाग पडते. अधिनियमाने प्रयोगशाळेतील तपासणीची सोय ठेवली आहे; पण अधूनमधून प्रकटणारा दोष प्रयोगशाळेतही प्रकट होईलच असे नाही. मग उरतात ती जॉबकार्डे, आणि ती लिहितो प्रतिपक्ष.

माझ्या गाडीतील दोष अखेर वसाहतीतल्या एका लहान गॅरेजमधील वृद्ध वायरमनने शोधला. त्याने संगणक न जोडता मल्टिमीटर घेतला, पायाखालचे कार्पेट उचलले आणि पाण्याने हिरवा पडलेला अर्थिंगचा सांधा दाखवला. पावसाचे पाणी पुढच्या काचेखालून तेथे झिरपत होते. सांधा घासून, घट्ट करून त्याने साडेतीनशे रुपये घेतले. माझ्या विनंतीवरून त्याने काय आढळले ते साध्या कागदावर कन्नडमध्ये लिहून, तारीख घालून सही केली. संकेतस्थळावर तक्रार नोंदवली तेव्हा पाच छापील जॉबकार्डांसोबत मी तो कागद आणि सांध्याचे छायाचित्र जोडले.